डबक्यावरील बर्फाची वलये आणि तडे : प्रकल्प नोंदी

१२ डिसेंबर

गोठलेल्या डबक्यावर तीन प्रकारचे नमुने एकत्र दिसतात. पहिल्या प्रकारात लांब, सरळ सुया असतात. दुसऱ्यात नकाशातील समोच्च रेषांप्रमाणे एकात एक बसलेली पांढरी वलये असतात. आणि तिसऱ्यात या दोन्हींना छेदून जाणारे तडे असतात. हे तिन्ही नमुने एकाच पापुद्र्यावर असले तरी त्यांची वेळ आणि कारण वेगवेगळे असावे, असा अंदाज आहे. हा अंदाज तपासण्यासाठी प्रथम नैसर्गिक डबक्यांची मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्यायची आणि नंतर तेच नमुने ट्रेमध्ये मुद्दाम घडवून आणायचे, असे ठरवले आहे, कारण एखादी गोष्ट हवी तेव्हा घडवता आली तरच तिचे कारण हाती लागले असे म्हणता येते.

निरीक्षणासाठी दोन डबकी निवडली. एक मातीच्या वाटेवर गाडीच्या चाकोरीत साचलेले आहे आणि दुसरे काँक्रीटच्या खळग्यात आहे. दोन्हींची खोली चार ते पाच सेंटीमीटर आहे. आज पहाटे चाकोरीतील डबक्यावर वलये स्पष्ट होती, तर काँक्रीटवरील बर्फ काचेसारखा सलग होता आणि त्यात केवळ बुडबुडे अडकलेले होते. हवा तीच, रात्र तीच आणि खोलीही जवळजवळ तीच असताना फरक उरतो तो तळाचा : मातीतून पाणी झिरपते, काँक्रीटमधून झिरपत नाही. पुढचे सारे काम या एका फरकाभोवती आखले आहे.

१५ डिसेंबर

छायाचित्रांचा पहिला संच टाकून द्यावा लागला. सरळ वरून घेतलेल्या प्रत्येक चित्रात बर्फाऐवजी आकाशाचे प्रतिबिंब आले, आणि फ्लॅश वापरल्यावर मधोमध एक पांढरा डाग तेवढा उमटला. पोलरायझर (प्रकाशाच्या कंपनांची एकच दिशा जाऊ देणारी काच) लावूनही वरून घेतलेल्या चित्रांत काही सुधारणा झाली नाही. पोलरायझर परावर्तन रोखतो तो कॅमेरा तिरका असतानाच. बर्फासाठी तो कोन लंबापासून सुमारे ५३ अंशांचा, म्हणजे पृष्ठभागापासून सुमारे ३७ अंशांचा असतो. तिरक्या चित्रात मात्र मोजमाप बिघडते, म्हणून दोन पद्धती वेगळ्या ठेवल्या. मोजमापासाठी कॅमेरा बरोबर वर ठेवायचा, त्याच्या मागे मोठे काळे कापड ताणून आकाश झाकायचे आणि हातदिवा जमिनीलगत, पृष्ठभागाशी दहा ते पंधरा अंशांच्या कोनात धरायचा. या आडव्या प्रकाशात प्रत्येक कंगोऱ्याची सावली पडते आणि वरून पाहताना सपाट वाटणारा बर्फ पायऱ्यापायऱ्यांचा दिसू लागतो. पोलरायझर केवळ तिरक्या चित्रांसाठी राखून ठेवला.

काळे कापड एकट्याने सांभाळणे कठीण आहे. दोन काठ्यांना बांधून ते उभे केले तर दोन्ही हात मोकळे राहतात.

१९ डिसेंबर

सुया कशा धावतात ते पाहायचे होते, पण ती वेळ वारंवार हुकत होती. डोक्याच्या उंचीवर टांगलेला तापमापक शून्यावर येण्याची वाट पाहत राहिले, की तोवर डबके गोठून गेलेले असे. निरभ्र रात्री जमीन आणि पाणी आपली उष्णता सरळ आकाशाकडे उत्सर्जित करतात, त्यामुळे वरची हवा शून्याच्या दोन अंश वर असतानाही पाण्याचा पृष्ठभाग शून्याखाली जातो. आता तापमापकाचे टोक पाण्याच्या पृष्ठभागाच्या अगदी खाली, दोरीला बांधून ठेवले आहे आणि हवेचे तापमान पाहणे सोडून दिले आहे. ढग आले की हा हिशेब मोडतो, कारण ढग ती उष्णता बऱ्याच अंशी परत पाठवतात; ढगाळ रात्री जागण्यात अर्थ नाही.

गोठण्याचा वेग ठरवण्यासाठी एक साधे गणित उपयोगी पडते. एक किलो पाणी गोठताना सुमारे ३३४ किलोज्यूल अप्रकट उष्मा बाहेर पडतो, आणि एक चौरस मीटरवर पसरलेले एक किलो पाणी म्हणजे एक मिलिमीटर जाडीचा थर. निरभ्र, शांत रात्री प्रत्येक चौरस मीटरमधून निव्वळ ८० वॅट उष्णता जात असेल, तर एक मिलिमीटर थर गोठायला जवळजवळ ७० मिनिटे लागतात. पहाटे बर्फाची जाडी मोजून उलट हिशेब केला की पापुद्रा केव्हा धरला असेल ते पुरेसे अचूक सांगता येते.

आज सुया पाहायला मिळाल्या. पाणी शून्याच्या किंचित खाली जाऊनही काही काळ द्रवच होते, आणि मग कडेच्या एका गवताच्या काडीपासून पहिली सुई सुटली. तिच्यापासून फांद्या फुटल्या त्या बहुतेक ६० अंशांच्या कोनात, कारण बर्फाचा स्फटिक षट्कोनी रचनेचा आहे आणि त्याची वाढ त्या रचनेतील ठरावीक दिशांनी सर्वांत वेगाने होते. सुयांमधील मोकळ्या जागा नंतर सावकाश भरत गेल्या. या वेळी वलयांचा मागमूसही नव्हता. सुया ही सुरुवातीची गोष्ट आहे, वलये नंतरची, एवढे निश्चित झाले.

२३ डिसेंबर

ट्रेमधील पहिले प्रयोग निकामी ठरले, पण त्यांतून बरेच कळले. प्लास्टिकचा उथळ ट्रे पाणी भरून उघड्यावर ठेवला, तर तो चारही बाजूंनी आणि खालूनही गोठतो. डबके तसे गोठत नाही, कारण त्याच्या खालची जमीन दिवसाची ऊब धरून असते आणि थंडी फक्त वरून उतरते. ट्रेमध्ये मात्र मधले पाणी सर्व बाजूंनी कोंडले जाते, आणि गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढत असल्यामुळे पृष्ठभाग मध्यावर फुगतो, तडकतो आणि त्या तड्यातून पाणी वर येऊन गाठ धरते. एका ट्रेचा तळही त्यात फुटला.

उपाय म्हणून ट्रे जाड थर्मोकोलच्या खोक्यात बसवला. तळाशी आणि बाजूंना किमान पाच सेंटीमीटर थर्मोकोल असावा आणि वरची बाजू पूर्ण उघडी असावी. याने गोठणे वरूनच सुरू झाले आणि बर्फ सपाट राहिला. ढगाळ रात्री वाया जाऊ नयेत म्हणून फ्रीझरही वापरून पाहिला. उणे १८ अंशांवर बर्फ दुधी होतो, कारण पाण्यात विरघळलेली हवा बर्फात मावत नाही आणि वेगाने गोठताना ती असंख्य सूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपात जागीच अडकते. तापमान उणे पाच-सहाच्या आसपास ठेवले आणि पाणी आधी उकळून, झाकून थंड केले, तर बर्फ बराच स्वच्छ येतो.

इतके करूनही एकही वलय उमटले नाही. पाणी आत कोंडलेले असेल तर वलये येत नाहीत, आणि काँक्रीटच्या खळग्यानेही हेच दाखवले होते.

२७ डिसेंबर

आता पाणी खालून काढून घेण्याची सोय केली. सलाइनच्या संचातील नळी यासाठी उत्तम आहे, कारण तिच्यावरील चाकाने थेंबांचा वेग बारकाईने ठरवता येतो आणि थेंब मोजताही येतात. नळीचे एक टोक ट्रेच्या तळाशी चिकटवले आणि दुसरे बरेच खाली ठेवलेल्या बाटलीत सोडले. नळी थर्मोकोलबाहेर पडते त्या जागी पाणी गोठून प्रवाह बंद होत असे. त्यात दोन रात्री गेल्या. नळी तळातूनच खाली काढून, कोमट पाण्याची बाटली ठेवलेल्या झाकणबंद खोक्यात नेल्यावर ही अडचण संपली.

दुसरी अडचण अनपेक्षित होती. पाणी जाऊ लागले, पण वलयांऐवजी बर्फाची चादर खाली वाकली आणि मोठा आवाज होऊन मधोमध तडकली. बर्फ ट्रेच्या कडांना घट्ट चिकटलेला होता, त्यामुळे खाली हवा शिरायला वाटच नव्हती; पाणी निघून जाताना त्याने बर्फाला खाली ओढले. नैसर्गिक डबक्यात हवा शिरते ती गवताच्या काड्यांलगत, दगडांच्या कडेने आणि मातीच्या फटींतून. चाकोरीतील डबक्याची जुनी छायाचित्रे पुन्हा पाहिली तेव्हा अनेक वलयांच्या मालिका नेमक्या अशा काडीपासून किंवा दगडापासून सुरू झालेल्या आढळल्या. ट्रेच्या एका कोपऱ्यात पाणी गोठण्यापूर्वीच एक स्ट्रॉ उभी केली. तिचे खालचे तोंड पाण्याच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली ठेवावे आणि पापुद्रा धरल्यावर ती बारीक तारेने मोकळी करावी, म्हणजे हवेची वाट उघडी राहते.

आज प्रथमच वलये आली. बर्फ दीड मिलिमीटर जाड होईपर्यंत नळी बंद ठेवली, नंतर थोडे पाणी काढले, तासभर थांबलो, पुन्हा थोडे काढले, आणि हाच क्रम रात्रभर चालू ठेवला. पाणी काढताना स्ट्रॉजवळ हवेची चपटी पोकळी तयार होते आणि ती बर्फाखाली पसरत जाते. उरलेले पाणी पृष्ठताणामुळे बर्फाला धरून राहते. पोकळीच्या वर असलेल्या बर्फाला खालून पाणी मिळत नाही म्हणून त्याची जाडी तिथेच थांबते, आणि पाण्याला टेकलेला बर्फ मात्र वाढत राहतो. त्यामुळे पोकळीची कड जिथे थबकते तिथे खालच्या बाजूला एक पायरी तयार होते. सकाळी चादर काढून व्हर्नियर कॅलिपरने मोजली, तेव्हा स्ट्रॉजवळ दीड मिलिमीटर असलेली जाडी दूरच्या टोकाला चार मिलिमीटरपेक्षा अधिक होती, आणि मधली प्रत्येक वाढ एकेका वलयावर झालेली होती.

३ जानेवारी

वलयांचा पांढरा रंग बर्फात आहे की बर्फाखाली, हे तपासण्याची अगदी सोपी रीत सापडली. पोकळीवरील बर्फाला तापवलेल्या सुईने छिद्र पाडले आणि पिचकारीने शून्य अंशाजवळचे पाणी हळूहळू आत सोडले. पाणी पसरत गेले तसतसा पांढरेपणा पुसत गेला, आणि पायऱ्यांच्या रेषा इतक्या पुसट झाल्या की त्या आडव्या प्रकाशातही शोधाव्या लागल्या. बर्फाचा अपवर्तनांक सुमारे १.३१ आणि पाण्याचा १.३३ आहे, दोन्ही इतके जवळचे असल्यामुळे त्यांच्या सीमेवरून प्रकाश फारसा परतत नाही. बर्फ आणि हवा यांच्या सीमेवर मात्र तो चांगलाच परततो. शिवाय पोकळीत, खालच्या तुलनेने उबदार पाण्याची वाफ बर्फाच्या खालच्या अंगाला दहिवरासारखी जमते आणि तिचे कण प्रकाश विखुरतात. पांढरा पट्टा म्हणजे तिथले पाणी निघून गेल्याची खूण आहे. ज्यांना डबक्यावरून चालायचे आहे त्यांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण पांढऱ्या बर्फाला खालून कशाचाही आधार नसतो.

८ जानेवारी

तड्यांचे काम सुरू केले. मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींच्या वेगाने चित्रण करून पाहिले, पण ते निरुपयोगी ठरले. बर्फातील तडा सेकंदाला शेकडो मीटर वेगाने जाऊ शकतो. दोन चौकटींमधील चार मिलिसेकंदांत तो साऱ्या ट्रेभर पोचलेला असतो. एका चौकटीत बर्फ अखंड आणि पुढच्या चौकटीत तडे पूर्ण, एवढेच दिसले. चित्रणाच्या मागे पूर्ण आठवडा गेल्यावर ते सोडून दिले आणि तड्यांचे सांधे वाचायला घेतले.

हे वाचन शिकण्यासारखे आहे. तडा पडला की त्याच्या कडेला लंब दिशेचा ताण सुटतो, आणि कडेला समांतर ताण तेवढा शिल्लक राहतो. म्हणून नंतर येणारा तडा जुन्या तड्याजवळ पोचताना वळून त्याला जवळजवळ काटकोनात भिडतो आणि तिथेच थांबतो. जो थांबला तो नंतरचा आणि जो सरळ निघून गेला तो आधीचा, हा नियम धरून छायाचित्रावरच तड्यांना क्रमांक देता येतात.

भार देण्यासाठी बर्फावर डबा ठेवून त्यात नळीने पाणी सोडावे. हाताने दाबल्यास सर्व टप्पे एकदम उरकतात. सावकाश वाढणाऱ्या भारात ते सुटे राहतात. पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फात प्रथम डब्याखाली, बर्फाच्या खालच्या अंगाला ताण येतो आणि तिथून किरणांसारखे तडे बाहेर जातात. भार आणखी वाढला की काही अंतरावर वरच्या अंगाला ताण येतो आणि तिथे गोलाकार तडा पडतो, जो किरणांना ठिकठिकाणी टेकून थांबतो. खाली पोकळी असलेल्या बर्फात मात्र गोलाकार तड्याची वेळच येत नाही. दोनतीन किरण पडतात आणि मोठ्या फळ्या खाली कोसळतात.

कोणीही पाय न ठेवता सकाळी दिसणाऱ्या तड्यांचे कारण थंडीने आकसणे हे असावे, असे सुरुवातीला वाटले होते. परंतु बर्फ एका अंशाला लांबीच्या सुमारे पाच लाखांश एवढाच आकसतो. एक मीटर लांबीचा तुकडा दहा अंश थंड झाला तरी फरक अर्धा मिलिमीटर होतो, आणि पाण्यावरच्या बर्फाचे खालचे अंग तर शून्यावरच असते. त्याच रात्री काँक्रीटच्या खळग्यात एकही तडा नव्हता. चाकोरीतील तडे मात्र पांढऱ्या भागातून सुरू झाले होते, म्हणजे आधार गेल्यामुळे बर्फ स्वतःच्या वजनाने वाकला आणि तडकला.

१४ जानेवारी

स्फटिकांच्या सीमा आणि वलये यांचा काही संबंध आहे का, हे पाहण्यासाठी बर्फ दोन पोलरायझरांमध्ये ठेवून पाहिला. खालचा पोलरायझर म्हणून एलसीडी पडदा पुरतो, कारण त्याचा प्रकाश मुळातच ध्रुवित असतो. वर चित्रपटगृहातील त्रिमितीय चष्म्याची काच वापरली, तेव्हा पार्श्वभूमी काळी होईना. या काचांवर बाहेरच्या बाजूला आणखी एक थर असतो. काच उलटी धरली की काम होते. कॅमेऱ्याचा वर्तुळी (सर्क्युलर) पोलरायझरही हाताने धरताना त्याची बाहेरची बाजू बर्फाकडेच असावी. बर्फ थेट पडद्यावर ठेवू नये. एक काच पडद्यापासून दहा-पंधरा सेंटीमीटर वर टेकवून तिच्यावर ठेवावा, नाहीतर तो वितळतो आणि पाणी यंत्रात जाते.

तीन-चार मिलिमीटर जाडीच्या तुकड्यांत रंग फिके, जवळजवळ पांढरेच दिसले. प्रकाशाच्या कंपनाच्या दिशेनुसार बर्फाचे अपवर्तनांक दोन असतात आणि त्यांतील फरक केवळ ०.००१४ आहे, त्यामुळे अर्धा ते एक मिलिमीटर जाडीत रंग सर्वांत उठावदार येतात आणि जाडी वाढली की ते एकमेकांत मिसळतात. तुकडा कोमट धातूच्या पट्टीवर फिरवून पातळ करावा. असे केल्यावर सुया आणि त्यांच्या फांद्या स्फटिकांच्या रंगीत तुकड्यांशी तंतोतंत जुळल्या. ज्या स्फटिकांचा मुख्य अक्ष उभा होता ते कसेही फिरवले तरी काळेच राहिले. वलयांच्या पायऱ्या मात्र एका रंगातून दुसऱ्या रंगात काहीही फरक न पडता गेल्या. वलयांना स्फटिकांशी कर्तव्य नाही. ती पाण्याच्या कडेने आखलेली आहेत.

२२ जानेवारी

भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५८ मध्ये वर्णिलेली बर्फाच्या पोटातील सहा पाकळ्यांची फुले पाहायची होती. प्रखर प्रकाशाने बर्फ आतून वितळतो आणि ही फुले उमलतात. एलईडी दिव्याने काहीच झाले नाही, कारण बर्फ शोषतो तो मुख्यतः अवरक्त प्रकाश, आणि तो या दिव्यांत जवळजवळ नसतो. जुना हॅलोजन दिवा लावताच काही मिनिटांत फुले दिसू लागली. त्यांच्यात एक चमकदार बिंदू असतो. वितळलेले पाणी बर्फापेक्षा कमी जागा घेते, म्हणून तिथे पोकळी राहते. फुले नेहमी स्फटिकाच्या पायाभूत प्रतलातच, म्हणजे मुख्य अक्षाला लंब असलेल्या पातळीतच पसरतात, त्यामुळे पोलरायझर नसतानाही स्फटिक कोणत्या दिशेला आहे ते कळते. यासाठी सावकाश गोठवलेला, दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा स्वच्छ बर्फ लागतो. डबक्याच्या पापुद्र्यात हे नीट दिसत नाही.

२ फेब्रुवारी

एक प्रश्न उरला होता. ट्रेमध्ये पाणी थांबत थांबत काढले तेव्हा वलये आली, पण माती तर पाणी सतत शोषत असते. तिथे कड का थबकते? यासाठी काचेची टाकी घेतली, बाजूला दुहेरी काच लावली आणि नळी अखंड, पण फार हळू चालू ठेवली. बाजूने पाहताना दिसले की पाण्याची कड बर्फाला धरून राहते, तिचा बाक हळूहळू ताणला जातो, आणि मग ती एकदम काही मिलिमीटर पुढे सरकून पुन्हा धरते. प्रवाह सतत असला तरी कड थांबत थांबतच जाते. या वलयांतील अंतरे चाकोरीतल्यासारखी कमीजास्त आली. हाताने थांबवून केलेली वलये त्यांच्यापुढे फारच एकसारखी दिसतात. नळी वेगाने सोडली तर मात्र काहीच उमटत नाही, कारण पाणी बर्फापासून सर्वत्र एकदम सुटते.

वेगाचा हिशेब असा आहे. पाणी बर्फाला लटकून राहू शकते ते जास्तीत जास्त पाच मिलिमीटरच्या आसपास, म्हणून ४० × ३० सेंटीमीटरच्या ट्रेमधून रात्रभरात सुमारे ६०० मिलिलिटर पाणी काढायचे. सलाइनच्या नेहमीच्या नळीचे २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर, म्हणून एकूण १२,००० थेंब होतात, आणि आठ तासांत ते काढायचे तर मिनिटाला २५ थेंब पडतात. बाटली ट्रेपासून किमान एक मीटर खाली ठेवावी, म्हणजे ट्रेमधील पातळी उतरल्याने थेंबांचा वेग फारसा बदलत नाही. नळी सुरू करण्यापूर्वी बर्फ किमान दीड मिलिमीटर जाड होऊ द्यावा आणि स्ट्रॉ मोकळी आहे याची खात्री तारेने करून घ्यावी. ती बंद असेल तर चादर पहाटेपूर्वीच तडकते.